क्लबच्या रेडिओसाठी घेतलेली लिथियम बॅटरी: दोन पावसाळ्यांनंतर

2019च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. घरात वीज नाही, मोबाइलचं चार्जिंग संपलेलं. ते दिवस आठवूनच आम्ही सांगलीच्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींनी वर्गणी काढून ही 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली.

जुनी लेड-ॲसिड गच्चीवर न्यायला दोघं लागायचे. ही मी 63व्या वर्षी एका हातात घेऊन जिना चढतो! दोन मीटर बँडचा (हॅमच्या एका लहरपट्ट्याचा) आमचा रेडिओ सेट 25 वॅटवर बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, ऐकताना अगदी थोडं. एका रविवारी नेटच्या (सगळ्या हॅमनी ठरवून रेडिओवर एकत्र येण्याच्या) दिवशी मुद्दाम मेन स्विच पाडला आणि सकाळी 7 ते रात्री 9 सेट हिच्यावरच चालवला. व्होल्टेज 13च्या आसपास राहिलं. त्या रात्री मला खरंच धीर आला.

खटकलं ते एकच. सोबतची वायर फार बारीक, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबला की व्होल्टेज पडायचं. जाड वायर आणि फ्यूज टाकल्यावर थांबलं. चार्जर मात्र लिथियमचाच घ्या.

जूनआधी दुसरी घेतोय, सोलर पॅनेलसकट.