सीनाकाठचे लग्न आणि केटररचे जेवण

फेब्रुवारीच्या अखेरीस माझ्या धाकट्या मुलीचे लग्न सोलापूरबाहेर, सीना नदीच्या काठावरील एका सामाजिक सभागृहात गोरज मुहूर्तावर लागले. जेवणाचे काम शहरातील एका केटररला ताटामागे २६० रुपये दराने, साडेचारशे ताटांच्या बोलीवर दिले होते.

व्याही अक्कलकोटचे असल्याने गोड पदार्थ हुग्गीच असावा, असा त्यांचा आग्रह होता. खपली गव्हाची ही खीर घाईचे काम नव्हे. गहू भिजवून, कांडून, कोंडा काढून पूर्ण मऊ शिजल्याखेरीज त्यात गूळ घालता येत नाही, कारण गूळ आधी पडला की दाणा पुढे कितीही उकळला तरी कडकच राहतो. आचाऱ्याने दुपारीच पातेले चढवले होते आणि तिन्हीसांजेला वरून बडीशेप, खसखस व सुके खोबरे घातले. वाढताना दूध आणि तूप सढळ हाताने मिळाले. व्याह्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

ज्वारीच्या कडक भाकरीसोबत उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी होती. लसूण थोडा अधिक, पण आमच्याकडे ती तक्रार ठरत नाही. आधीच करून आणता येणारी ही भाकरी नदीकाठच्या वाऱ्यात तवा सांभाळण्यापेक्षा शहाणपणाची निवड होती. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी लग्नाच्या ताटात ज्वारीची भाकरी म्हणजे गरिबी असे मानणारे काही नातलग अजूनही आहेत. त्यांच्यासाठी पनीरची भाजी होती आणि ती कोठल्याही लग्नात असते तशीच होती.

केटररची खरी जाण पाण्यात दिसली. सभागृहाच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त असून त्यात डाळ लवकर शिजत नाही, हे त्याने आदल्या आठवड्यात जागा पाहतानाच ओळखले आणि स्वयंपाकासाठी टँकर मागवला. भट्ट्यांभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रेही लावले. मात्र दिव्यांचा विचार कोणीच केला नव्हता. अंधार पडताच नदीवरून आलेली पाखरे वाढपाच्या टेबलांवरील पांढऱ्या दिव्यांभोवती जमली आणि आमटीची पातेली झाकण्यात वाढप्यांची तारांबळ उडाली. दिवे टेबलांपासून दूर हलवल्यावरच त्रास कमी झाला. तोवर पहिल्या पंक्तीतील काहींनी आमटी न घेताच हात धुतले होते.

हिशेब हा या कामाचा सर्वांत कच्चा भाग. वापरलेली ताटे मोजून त्याने ५१२ चा आकडा सांगितला, तर आमच्या मोजणीप्रमाणे जेवणारे ४६० च्या आसपास होते. ज्यांनी दुसऱ्या वेळी नवे ताट उचलले त्यांची दोनदा मोजणी झाली, हे त्याने मान्य केले, परंतु बोलीच्या कागदावर मोजणीची पद्धत लिहिलेलीच नसल्याने वाद रात्री साडेअकरापर्यंत लांबला. अखेर ४८० ताटांवर तडजोड झाली. ऐन पाठवणीच्या वेळी वधूपित्याला मंडपामागे ताटांच्या चळती मोजत उभे करणे मला मुळीच रुचले नाही.

पुतण्याचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि हुग्गीसाठी याच आचाऱ्याला बोलावणार आहे. मोजणी जेवणाऱ्यांची की ताटांची, हे मात्र विसार देण्यापूर्वी कागदावर लिहून घेईन.