गणिताच्या कोड्यांची पेटी: दिवाळीपासून वापरतोय, अ‍ॅप बंद पडल्यावर खरी कळली

कोडं अडलं की मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून ते सोडवायच्या सूचना मिळतात. पेटीवर मोठ्या अक्षरात छापलंय: सर्व सूचना कायम मोफत. मे महिन्यात अ‍ॅप उघडलं तर लाल पट्टी, सूचना हव्या असतील तर ७९९ रुपये वार्षिक वर्गणी भरा. पेटीचेच २,४९९ मोजलेत आम्ही. कस्टमर केअरवाल्या मुलीने सांगितलं की ती योजना जुन्या अ‍ॅपची होती, आता नवीन आलंय. पेटीच्या झाकणाचा फोटो पाठवला, तक्रार ‘निकाली’ काढून बंद. परत पाठवला, परत बंद. मी पतसंस्थेत हिशेब बघते, छापील शब्दाचे पैसे सोडायची मला सवय नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. अजून काही हाती आलेलं नाही.

पण नुसतं भांडण सांगायचं असतं तर चार ओळींत झालं असतं. अ‍ॅप वर्गणी न भरल्याने बंद पडलं आणि घरातली दोन्ही मुलं, थोरला आठवीतला आणि धाकटी सहावीतली, कोड्यांसमोर पहिल्यांदा नीट बसली. त्यावर लिहायचं आहे.

पेटीत कोड्यांची कार्डं, लाकडी तुकडे आणि एक तराजू येतो. कार्डं जाड आहेत, तेलकट हात लागले तरी पुसता येतात. लाकडी तुकडे उत्तम. तराजू प्लास्टिकचा आणि नाजूक. त्याची दांडी मोडली, बदलून मिळाली नाही, तेव्हा थोरल्याने हँगर आणि बरणीची दोन झाकणं घेऊन दुसरा बनवला. तो अजून चालू आहे.

आता मुख्य दोष. कार्ड स्कॅन केलं की ९० सेकंदांनी टिंग वाजतं आणि पहिली सूचना येते. तीन मिनिटांनी दुसरी. पाच मिनिटांनी पूर्ण उत्तर. सेटिंगमध्ये हे बंद करायची सोय नाही, मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. दिवाळीच्या सुट्टीत मला हे फार आवडलं होतं. मुलं भराभर कार्डं सोडवत होती, ‘सुटलेली’ म्हणून ठेवलेला गठ्ठा वाढत होता, पैसे वसूल झाल्यासारखं वाटत होतं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

नाण्यांच्या कार्डापासून मत बदललं. आठ नाणी, त्यांतलं एक जड, तराजू दोनदाच वापरायचा. थोरल्याने आधी चार-चार केले, मग दोन-दोन, मग एक-एक. तीनदा झालं. ‘दोनदाच कसं होईल’ म्हणून तो डोकं खाजवत बसला होता, एवढ्यात टिंग: तीन, तीन आणि दोन असे गट करा. त्याने केले, उत्तर आलं, कार्ड गठ्ठ्यात गेलं. काही दिवसांनी जेवताना मी सहज विचारलं, आठऐवजी नऊ नाणी असती तर? त्याचा हात फोनकडे गेला. मुलगा हुशार आहे, पण त्याच्या डोक्यात ‘तीन-तीन-दोन’ एवढंच राहिलं होतं, तीनच गट का करायचे ते राहिलं नव्हतं.

ही चूक कंपनीची आहे आणि ती वर्गणीच्या भानगडीपेक्षा मोठी आहे. या वयाच्या मुलाला कोडं द्यायचं ते कशासाठी? वाट दिसत नसताना हातात जे आहे त्यातून काहीतरी करून पाहायची सवय लागावी म्हणून. पहिली दहा मिनिटं काहीच सुचत नाही, तीच कामाची दहा मिनिटं. अ‍ॅप नेमकं तिथेच तोंड उघडतं. वेगाचा सराव हवा असेल तर तो शाळेत भरपूर होतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. त्यासाठी अडीच हजारांची पेटी कशाला?

मेमध्ये वर्गणी भरायची नाही असं ठरलं. बाहेर ४५ अंश, अकरानंतर दार उघडायची सोय नाही, दोघंही कूलरसमोर. थोरला परत नाण्यांवर आला. दोन-तीन दुपारी वहीत गोल काढत होता. मग म्हणाला, ‘आई, तराजू दोनच गोष्टी नाही सांगून राहिला, तीन सांगून राहिला. डावं जड, उजवं जड, नाहीतर सारखं.’ म्हणजे दोनदा तोललं की तीन गुणिले तीन, नऊ नाण्यांपर्यंत जमतं. आणि तीनदा तोललं तर सत्तावीस, हे त्याने माझ्या आधी सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात दोघींना सांगितलं.

धाकटीचं आवडतं कार्ड कापरेकरांचं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, त्यांनी १९४९ मध्ये सांगितलेला ६१७४. चार अंकी आकडा घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. रिक्षातून जाताना सिग्नलला थांबलो की समोरच्या एमएच ३१ किंवा एमएच ४९ च्या गाडीचा नंबर घेऊन ती सुरू होते. ७३५२ ला बरोबर सात पायऱ्या लागतात, करून पाहा. कार्डावर ‘कोणताही चार अंकी आकडा’ लिहिलंय. तिने ७७७७ घेतला, शून्य आलं. चारही अंक सारखे असतील तर चालत नाही, हे कार्डावर छापायला हवं होतं. मग २१११ घेतला, वजाबाकी ९९९ आली आणि पुढे पुन्हा शून्य. ‘हा तर सारखा नाही, मग काहून अडला?’ म्हणून ती चिडली. अ‍ॅप चालू असतं तर टिंग वाजून प्रश्न संपला असता. तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच पकडलं: ९९९ ला चार अंकी ठेवायचं, पुढे शून्य धरायचं. ९९९० वजा ०९९९, ८९९१. तिथून पुढे गाडी ६१७४ वर पोचली.

सूचना पूर्ण बंद ठेवणंही बरोबर नाही, हे जूनमध्ये कळलं. काही कार्डं या वयाला जड आहेत, विशेषतः शेवटच्या निळ्या गठ्ठ्यातली. एका कार्डावर धाकटी रडकुंडीला आली, पेटी नको म्हणाली. म्हणून आता आमच्याकडे असं चालतं: काय काय करून पाहिलं ते वहीत लिहून दाखवायचं, मग मी एक प्रश्न विचारणार. उत्तर नाही, प्रश्न. यापेक्षा लहान आकड्यांत हेच करता येईल का? माहिती सगळी वापरली का? जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्ये नेमका असाच प्रश्न विचारायचा आग्रह धरला होता: यासारखं कोडं आधी पाहिलंय का? त्याला मोबाइल लागत नाही. कंपनीने फक्त पहिली सूचना प्रश्नाच्या रूपात दिली आणि टिंग काढून टाकलं तर मी आनंदाने वर्गणी भरेन.

सगळ्यांत जास्त दिवस चाललं ते पुलांचं कार्ड. कोनिग्सबर्ग शहरातले सात पूल, प्रत्येकावरून एकदाच जायचं. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये दाखवलं की जमतच नाही, कारण तिथल्या चारही भूभागांना विषम संख्येने पूल जोडलेले होते. एका दमात जायचं तर अशी विषम ठिकाणं फार तर दोन चालतात. थोरल्याने हे नागपूर मेट्रोला लावलं. सुभाषनगर स्टेशनवर उभे असताना नकाशा बघून म्हणाला, सगळी मेट्रो एकाच फेरीत फिरायची, कुठलाही टप्पा दोनदा नाही, जमेल का? सीताबर्डीला चार फाटे, ते सम. पण खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्यनगर, प्रजापतीनगर ही चार टोकं, प्रत्येकाला एकच फाटा. विषम ठिकाणं चार, म्हणजे इथेही नाही जमत.

मग पुढचा प्रश्न त्याचाच. नाहीच जमत तर कमीत कमी किती टप्पा दोनदा होईल? एका टोकाला सुरू, दुसऱ्याला संपवलं की उरलेल्या दोन फांद्या जाऊन-येऊन कराव्या लागतात. तेव्हा त्या दोन आखूड हव्यात. खापरीची आणि लोकमान्यनगरची बाजू लांब, म्हणून एकीकडे सुरू आणि दुसरीकडे शेवट. हा प्रश्न पेटीत कुठेही नाही. त्याला हे सुचलं यासाठी मी पुलांच्या कार्डाला पैकीच्या पैकी देते.

घ्यायची असेल तर माझा हिशेब असा. कार्डं आणि लाकडी तुकडे, पाचपैकी साडेचार. तराजू एक. अ‍ॅप शून्य, आणि ग्राहकसेवाही शून्य. सहावीच्या मुलांनी हिरव्या गठ्ठ्यापासून सुरू करावं, निळा आठवीपर्यंत कपाटात ठेवावा. शेजारी कोणाकडे पेटी असेल तर आधी मागून आणा, आमची सध्या वरच्या मजल्यावर गेली आहे. विकतच घेतलीत तर पेटीच्या झाकणाचा आणि बिलाचा फोटो पहिल्या दिवशीच काढून ठेवा, आणि कोड स्कॅन करू नका.