उंदरांच्या बंदोबस्ताची सेवा: पाचपैकी चार तारे

जुन्या दप्तरांची खोली माझ्या ताब्यात आहे. कपाटांमागे उंदरांनी घर केलं होतं, लेंड्यांचा खच पडला होता. आधी एका सेवेची माणसं येऊन गेली. त्यांनी दार लावून कुंच्याने सगळं झाडलं, कोपऱ्यांत ग्लू पॅड ठेवले आणि गेले. खोली दिसायला लख्ख, पण सगळा धुरळा तिथे काम करणाऱ्यांच्या नाकातोंडात. माझा राग त्यावरच आहे. हंटाव्हायरस, म्हणजे उंदरांकडून माणसाला होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा विषाणू, उंदराच्या मूत्रातून, विष्ठेतून आणि लाळेतून बाहेर पडतो. उंदीर चावून लागण क्वचितच होते. वाळलेली घाण हवेत उडून श्वासात जाते, तीच बहुतेकांना भोवते. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर इथे वर्ज्यच. ग्लू पॅडवर अडकलेला उंदीर घाबरून आणखी मुततो, म्हणून तेही नकोत.

यावेळी दुसऱ्यांना बोलावलं. त्यांच्या प्रमुख बाईंनी आल्या आल्या दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि अर्धा तास कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण तिथेच ताजं तयार केलं. जोराच्या फवाऱ्यानेही धूळ उडते, म्हणून लेंड्या चिंब होईपर्यंत हलकेच शिंपडलं. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ब्लीचने ते मोडतं. त्याला तेवढा वेळ द्यावाच लागतो. नंतर सगळं कागदी टॉवेलने टिपून दुहेरी पिशवीत बांधलं. त्यांच्यातल्या एका मुलाला दाढी होती. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, फटीतून हवा शिरते, असं सांगून बाईंनी त्याला बाहेरच्या कामाला लावलं. एवढी बारकाई मी कुठेच पाहिली नव्हती.

दप्तरांवर ब्लीच चालत नाही, कागद खराब होतो. त्यांनी न विचारता ती बाहेर नेऊन काही तास कडक उन्हात मांडली. लोखंडी कपाटांवर मात्र ब्लीचचे डाग राहिले, साध्या पाण्याने पुसून घ्यायला हवं होतं.

भोकं बुजवण्याचं काम उत्तम. सहा मिलिमीटरची फटही लहान उंदराला पुरते. पाइपाभोवती स्टील वूल ठासून वरून सिमेंट, आणि भिंतीच्या कडेने चापाचे सापळे. २०१२ साली अमेरिकेच्या योसेमिटी उद्यानात उंदरांनी राहुट्यांच्या दुहेरी भिंतींमधल्या पोकळीत घरटी केली होती. दहा पर्यटकांना हंटाव्हायरस झाला, तिघे दगावले. म्हणून नुसते उंदीर मारून जाणाऱ्यांपेक्षा भिंतीमागची पोकळी तपासणारे मला हवे होते. यांनी प्रत्येक फळी ठोकून पाहिली.

एक तारा कापला तो माहितीपत्रकासाठी. त्यात पुढच्या भेटीची तारीख आहे, लक्षणांचा एक शब्द नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक ते आठ आठवडे लागू शकतात. आधी ताप, मांड्या-कंबर-पाठ दुखणं, थकवा. साधा फ्लूच वाटतो. अमेरिका खंडातल्या प्रकारांत मग अचानक धाप लागते, आणि श्वासाचा त्रास सुरू झालेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के रुग्ण वाचत नाहीत. आशिया-युरोपातले प्रकार मूत्रपिंडांवर घाला घालतात. त्यांतला सोल विषाणू तपकिरी उंदरांबरोबर जगभर पोहोचला आहे. नेमकं औषध नाही. वेळेत अतिदक्षता विभागात पोहोचणं, हाच आधार. उंदरांच्या जागेत काम केलंय हे रुग्णाने सांगितलंच नाही, तर डॉक्टरांना संशय तरी कसा यावा?

हे मी बाईंना सांगितलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं. तोवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद मी खोलीच्या दारावर चिकटवलाय: साफसफाईनंतर दोन महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना उंदरांचं आधी सांगा.