नॅफ्रॅक्स: जीवाश्म डायटम बसवायला कसं आहे?

डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. त्याचं सिलिकाचं कवच काचेसारखं पारदर्शक, अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) साधारण १.४३. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसायला भोवतीच्या माध्यमाचा अपवर्तनांक बराच वेगळा हवा. कॅनडा बाल्सम या नेहमीच्या राळेचा १.५३च्या आसपास, त्यामुळे त्यात बारीक नक्षी पुसट होते. नॅफ्रॅक्स ही टोल्यूइन या द्रावकात विरघळवलेली राळ. टोल्यूइन उडून गेल्यावर ते १.७३ वर जातं. कवचाशी फरक बाल्समच्या तिप्पट, आणि छिद्रांची एकेक ओळ उठून दिसते.

गोड्या पाण्यातल्या डायटमच्या उगमाचा अभ्यास करायचा तर असं माध्यम लागतंच. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात क्रेटेशसच्या (डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या) अखेरचं ऑलाकोसायरा, म्हणजे साखळ्या करणारं डायटम, मिळालं आहे. कॅनडातल्या जिराफ पाइप या जीवाश्मस्थळी त्यानंतरच्या इओसीन काळातलं. समुद्रातून गोड्या पाण्यात कोणता वंश आला, हे ठरवताना पेशींना साखळीत अडकवणारे कडेचे काटे आणि छिद्रांची मांडणी बघावी लागते. त्यापुढच्या बारकाव्यांना मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. तिथे नॅफ्रॅक्सचा उपयोग नाही.

स्वच्छ केलेल्या नमुन्याचा थेंब कव्हरस्लिपवर (झाकायच्या पातळ काचेवर) खोलीच्या तापमानाला सावकाश वाळू द्या. घाईने तापवला तर कवचं कडेला गोळा होतात. मग काचपट्टीवर नॅफ्रॅक्सचा एक छोटा थेंब टाकून कव्हरस्लिप त्यावर उपडी ठेवा. टोल्यूइन १११ अंशांना उकळतं, म्हणून हॉट प्लेट १२०च्या आसपास पुरे. त्याहून गरम केली तर बुडबुडे उसळून कवचं ढकलतात. बुडबुडे मंदावले की पट्टी उतरवा, टूथपिकने हलकेच दाबा. थंड झाल्यावर कडेचा ओघळ सुईने खरवडा. टणक, ठिसूळ तुकडा निघाला तर झालं. चिकट लागला तर टोल्यूइन उरलंय, पुन्हा तापवा, नाहीतर कव्हरस्लिप सरकते आणि अपवर्तनांकही पुरता चढत नाही.

खरी डोकेदुखी ऑलाकोसायराचीच. नळकांड्यासारख्या बंद साखळ्यांत हवा अडकते आणि त्या काळ्याकुट्ट दिसतात. माल खराब आहे असं वाटतं, पण बहुतेकदा उष्णता कमी पडलेली असते. पुन्हा तापवल्यावर बऱ्याच साखळ्या भरतात. न भरलेल्या मोजणीत धरायच्या, मोजमापाला घ्यायच्या नाहीत.

काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), आणि उघडी ज्योत जवळ नको. साध्या नायट्राइल हातमोज्यांवर विसंबू नका, त्यांतून टोल्यूइन लवकर पाझरतं. बाटलीतलं द्रावण घट्ट झालं तर थोडं टोल्यूइन घालून पातळ करता येतं. झाकण मात्र दर वेळी घट्ट लावा.