पानं सुटली म्हणून सालं लागली: ‘रिमार्केबल क्रीचर्स’, आठ महिन्यांनंतर

ट्रेसी शेवेलिएची ही कादंबरी जीवाश्म शोधणाऱ्या एका इंग्रज बाईवर, मेरी अ‍ॅनिंगवर आहे. पण आधी तक्रार. फेब्रुवारीत ऑनलाइन मागवलेली प्रत जूनमध्ये मधोमध उकलली. दमट हवेत गोंद सुटला आणि साठेक पानं हातात आली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तीन मेल केले. उत्तर एकच, परतीची मुदत सात दिवसांची होती. ३४० रुपये मोजलेल्या पुस्तकाची ही गत! शेवटी कॉलेजजवळच्या बाइंडरकडून १२० रुपयांत शिवून घेतलं.

सुटी पानं लावताना प्रत्येक प्रसंगाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खरं साल लिहीत गेले. बावीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, नोंदीवर तारीख नसली की मला चैन पडत नाही. आणि तिथेच माझं बिनसलं.

मेरी अ‍ॅनिंगची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. इंग्लंडमधला लाइम रेजिसचा किनारा, सुताराची मुलगी, बाप गेल्यावर डोक्यावर कर्ज. १८११ मध्ये भाऊ जोसेफला इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी सापडली, पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तो २३ पौंडांना विकला गेला. लांब मानेचा आणखी एक सागरी प्राणी, अख्खा प्लेसिओसॉर, सापडला तो १८२३ च्या डिसेंबरात. मधली अकरा वर्षं ती काय करत होती? तेच. हिवाळी वादळात कडा ढासळला की ओहोटी साधून जायचं, दगड फोडायचे, बहुतेक दिवस रिकाम्या हाताने परतायचं. १८२० मध्ये तर भाड्यासाठी घरातलं सामान विकायची वेळ आली होती. तेव्हा कर्नल बर्च या संग्राहकाने स्वतःचा जीवाश्मांचा संग्रह लिलावात काढला आणि आलेले ४०० पौंड अ‍ॅनिंग कुटुंबाला दिले.

ट्रेसी शेवेलिएने ही वर्षं आवळली आहेत. वाचकाचा धीर सुटू नये म्हणून, असं तिने शेवटच्या टिपणात प्रामाणिकपणे सांगितलंही आहे. पण बर्चभोवतीच्या प्रेमाला आणि त्यावरून मेरी आणि तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट यांच्यात आलेल्या दुराव्याला मात्र ऐसपैस जागा आहे. मला राग याचाच आला. रोज उठून तेच करत राहणं हेच तर तिचं विज्ञान होतं. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत भूवैज्ञानिक कॉनिबेअरने प्लेसिओसॉर मांडला आणि मेरीचं नावही घेतलं नाही. तिथे जे गाळलं गेलं ते तिचं हे कष्टाचं रोजचं काम, आणि कादंबरीनेही तेच आखडतं घ्यावं? जुलैत मी दोन तारे दिले होते.

ऑक्टोबरात पुन्हा वाचली, या वेळी एलिझाबेथ फिलपॉटची प्रकरणं सलग. ही मेरीपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठी, अविवाहित, बहिणींबरोबर बेताच्या उत्पन्नात राहणारी आणि जीवाश्म माशांची मोठी जाणकार. तिचा संग्रह आज ऑक्सफर्डला आहे. मेरीच्या प्रकरणांतली बोली सुरुवातीला अडवते. एलिझाबेथ मात्र सरळ बोलते आणि तिच्या तोंडून मला हरवलेली वर्षं सापडली. मेरीची ‘नजर’ तिला हवी आहे. समोर दगडच दगड, त्यातला नेमका कुठला उचलायचा हे ती हळूहळू शिकते. पहिल्या वाचनात हे मी भराभर उलटून गेले होते.

टायट्रेशनमध्ये, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडून मोजमाप करताना, रंग बदलणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी कुठे धरायचा, हे मुलांना कितीही समजावून सांगितलं तरी कळत नाही. शंभरदा ब्युरेट या मोजनळीतून थेंब सोडल्यावर एक दिवस डोळाच थांबवतो. किनाऱ्यावरचं शिकणं अगदी तसंच उतरलंय. सालं चुकलीत, नजर चुकलेली नाही. आता चार तारे. बर्चची पानं अजूनही जास्त वाटतात, त्याचा एक तारा कापला तो कापलाच.

घेणार असाल तर पुठ्ठा बांधणीची प्रत बघा. साधी मिळाली तर पावसाळ्याआधी शिवून घ्या.