झिरकोनियाचे पैसे घेतले आणि कॅप धातूची बसवली

दाढेवर कॅप बसवून चौदा महिने झाले होते. रात्री भाकरीसोबत भाजलेले शेंगदाणे खात होते आणि दाताखाली खडा आल्यासारखं झालं. हातावर काढून बघितलं तर पांढरा टवका, तांदळाच्या कणीएवढा. जीभ फिरवली तर दाढेची कड धारदार लागली. बॅटरी घेऊन आरशासमोर उभी राहिले. पांढऱ्या दाढेवर राखाडी, चकचकीत धातू उघडा पडला होता.

त्या कॅपमध्ये धातू असायलाच नको होता. तेवढ्यासाठीच मी ११,००० रुपये मोजले होते.

खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ. रूट कॅनॉल झाल्यावर डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. धातूवर पोर्सेलिन चढवलेली कॅप ४,००० ला आणि झिरकोनियाची, म्हणजे धातू नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकची, ११,००० ला. मला बेन्टेक्सचे दागिने चालत नाहीत, कानाला लगेच खाज सुटते, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तेव्हा तेच म्हणाले, "मग ताई, तुम्ही झिरकोनियाच घ्या. धातूचा कणही नाही, आणि पंधरा वर्षं वॉरंटी." स्वस्तातल्या कॅपांच्या मिश्रधातूत बऱ्याचदा निकेल असतं, त्यामुळे सल्ला बरोबरच होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ७,००० चा फरक माझ्यासाठी थोडा नव्हता, पण मी हो म्हटलं.

आठ दिवसांनी कॅप आली. त्यांनी ती माझ्या पाठीमागच्या ट्रेमधून उचलली, थेट तोंडात बसवली, "चावून बघा" म्हणाले, दोन ठिकाणी घासली आणि सिमेंट लावून पक्की केली. रंग इतका छान जुळला होता की मी खूश होऊन घरी आले. कॅपची आतली बाजू मी पाहिलीच नाही. सगळं तिथेच होतं. बाहेरून दोन्ही कॅपा दातासारख्याच दिसतात, पण धातूची कॅप आतून राखाडी असते आणि झिरकोनियाची आतबाहेर पांढरी किंवा दाताच्या रंगाची. एकदा चिकटली की रुग्णाला काही कळायला मार्ग नसतो.

टवका का उडाला हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. इनॅमलचा मग पडला की वरचा थर उडतो आणि खालचं काळं लोखंड दिसतं, तसंच हे. आतला धातू मजबूत असतो, पण वरचं पोर्सेलिन हा काचेचाच भाऊबंद. वाकवून मोडायला किती ताण लागतो यावर या पदार्थांची ताकद मोजतात. पोर्सेलिनला साधारण ६० ते १०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) लागतात, आणि दाढांसाठी वापरतात त्या झिरकोनियाला ९०० ते १२००. झिरकोनियात चीर पडू लागली की चिरेच्या टोकाजवळचे कण आपली रचना बदलून चार-पाच टक्के फुगतात आणि चीर तिथेच दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७५ मध्ये हा गुण दाखवला, तेव्हा त्याला सिरॅमिकमधलं पोलाद म्हणावं का, असा प्रश्न त्यांनी केला होता. मी पैसे दिले होते ते या गुणाचे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. धातू-पोर्सेलिनची कॅप वाईट नसते. कित्येकांच्या तोंडात ती वीस वर्षं टिकली आहे. ४,००० घेऊन ती बसवली असती तर टवका उडाल्यावर मी नशिबाला बोल लावला असता.

मी पहिल्या दवाखान्यात परत गेले. "सिरॅमिक म्हणजे तेच हो ताई," असं उत्तर मिळालं. घरी येऊन बिल काढलं. त्यावर खरंच "सिरॅमिक कॅप १" एवढंच होतं. तोंडाने झिरकोनिया आणि कागदावर सिरॅमिक. आपल्याकडे धातूवरच्या पोर्सेलिनलाही सर्रास सिरॅमिकच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दात काहीही बसतं.

मग वॉरंटी कार्ड बघितलं. माझं नाव पेनने लिहिलेलं, आणि दाताचा क्रमांक ३६. दातांच्या क्रमांकात पहिला आकडा जबड्याची बाजू सांगतो, ३ म्हणजे खालची डावी आणि ४ म्हणजे खालची उजवी. दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजायचा. माझी दाढ ४६. कार्डावरच्या लॅबला फोन केला. नाव त्यांनी सांगितलं नाही, पण ते कार्ड दुसऱ्या रुग्णाच्या डावीकडच्या दाढेचं आहे, एवढं सांगितलं. चौदा महिने हे कार्ड माझ्या कपाटात होतं. फोन आधीच केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

दुसऱ्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कॅप कापून काढली आणि दोन्ही तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. "काकू, हे टाकू नका," म्हणाल्या. फोटो काढले, काय निघालं ते लेटरहेडवर लिहून दिलं. एक्स-रेवरून ठरवता आलं नसतं का, असं मी विचारलं. धातू आणि झिरकोनिया दोन्ही त्यात पांढरेच दिसतात, त्यामुळे फक्त एक्स-रेवर विसंबता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. हिरडी सुजली होती ती निकेलमुळेच, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही, म्हणून मीही तसा आरोप करत नाही.

नवीन कॅप बसवण्याआधी त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. आत-बाहेर पांढरी. बिलावर "अखंड झिरकोनिया, दात ४६" असं लिहून दिलं. 'अखंड' हा शब्द मागून घ्या, कारण झिरकोनियावर पोर्सेलिनचा थर दिलेल्या कॅपाही असतात आणि त्यांचाही वरचा थर उडू शकतो. नुसतं 'झिरकोनिया' ऐकूनही थांबू नका. जास्त पारदर्शक दिसणाऱ्या प्रकारात यट्रियाचं (झिरकोनियात मिसळायच्या एका ऑक्साइडचं) प्रमाण अधिक असतं आणि ताकद ५०० ते ७०० मेगापास्कलपर्यंत उतरते. समोरच्या दातांना तो शोभतो, पण दाढेला कोणता बसवणार ते विचारा. कार्डावरचं बारीक अक्षरही वाचा. माझ्या कार्डात वॉरंटी फक्त कॅपची होती, डॉक्टरांच्या फीची नाही आणि आतल्या दाताचीही नाही.

पहिल्या डॉक्टरांना मी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. त्यांनी ५,००० परत देऊ केले, पण "माझी काही तक्रार नाही" असं लिहून मागितलं. मी सही केली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, हे मला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळलं. अर्ज दिला आहे. बिल, कार्ड, डॉक्टरांचं पत्र आणि कॅपचे ते दोन तुकडे एका डब्यात ठेवले आहेत. पुढच्या महिन्यात पहिली तारीख आहे.