कॉन्टेसाचा टप: व्हायनल लावायच्या आधीचं काम, कुर्ला

आमची ९२ ची हिंदुस्तान कॉन्टेसा गाडी, बाबांची, १.८ इसुझू इंजिनवाली. टपावर काळं व्हायनल (रेक्झिनसारखं चिकटवायचं आवरण) होतं, बाबांनी तेव्हा हौसेने ऑपेरा हाऊसला मारून घेतलेलं. गेल्या पावसाळ्यात मागच्या काचेच्या वर त्याला फोड आले, बोटाने दाबलं की करकर वाजायचं. मला वाटलं सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, सुटलं असेल.

आधी एका सीटकव्हरवाल्याकडे गेलो (नाव नको), तो म्हणे जुन्यावरच नवीन मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. नशीब तयार नाही झालो! मग मित्राने कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे पाठवलं. दुकानाला बोर्डच नाही, सगळे चाचा म्हणतात. चाचांनी व्हायनलचा कोपरा उचलला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो गंजलेल्या पत्र्यातून सरळ आत. बाबा काही न बोलता चहा सांगायला गेले.

काम मात्र एक नंबर केलं. आधी दोन्ही काचा, रबर, पन्हळीवरचं (टपाच्या कडेला पाणी वाहून जायची खाच) बीडिंग म्हणजे पट्टी आणि आतलं छताचं कापड सगळं उतरवलं, कारण वेल्डिंगची ठिणगी कापडावर पडली तर संपलंच. जुनं सोल्युशन थिनर लावून खरवडायला दोन दिवस गेले. गंजलेला पत्रा कापून नवीन तुकडा सीओटू वेल्डिंगने (तारेचं इलेक्ट्रिक वेल्डिंग) टाका टाका करत लावला, गॅसने मारला असता तर एवढा मोठा सपाट पत्रा तापून वाकला असता. मग उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्राइमर (गंज रोखणारा पहिला थर) आणि त्याच्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी), कारण लांबी पाणी पिते, डायरेक्ट पत्र्यावर भरली की खालून परत गंज. घासताना डोळ्यापेक्षा तळहातावर भरोसा, कारण व्हायनल उन्हात तापून बसलं की खालचा बारीक खडादेखील वर दिसतो.

शेवटी सरफेसर (रंगाच्या आधीचा, बारीक ओरखडे भरणारा थर) आणि वर चक्क रंगाचा हात. मी म्हटलं जो दिसणारच नाही त्याला रंग कशाला, तर म्हणे सरफेसरसुद्धा पाणी धरतो, आणि सोल्युशनच्या केमिकलने कच्चा रंग उचलला जातो म्हणून पुढचे तीन आठवडे व्हायनलचं नाव काढायचं नाही. पन्हळीच्या सांध्यात सीलरही भरून दिलं, आमचं पाणी बहुतेक तिथूनच शिरत होतं.

आता रडगाणं. आठ दिवस सांगून पाच आठवडे लावले. फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. सीटा झाकल्या नव्हत्या, लांबीची पांढरी धूळ अजून एसीच्या जाळीतून येते. पक्कं बिल मागितलं तर हसले. आणि व्हायनल ते लावत नाहीत, त्याला वेगळा माणूस बघावा लागतो.

तरी पत्र्याच्या कामाला मी परत तिथेच जाईन, फक्त डिसेंबर-जानेवारीत, पावसाळी दमट हवेत उघडा पत्रा ठेवायची रिस्क नको. आणि बीडिंगच्या क्लिपा उतरवल्या की तिथल्या तिथे मोजून पिशवीत भरून घरी आणा, माझ्या दोन गायब आहेत, दोन शुक्रवार चोर बाजार पालथा घातला तरी मिळाल्या नाहीत.